‘शेजारी’ची आठवण: धार-देवासच्या निमित्ताने

सीमाभागातील आमच्या सभांतून धार आणि देवास ही नावे क्वचितच उच्चारली जातात. बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर येथवर आमची दृष्टी पोचते आणि नर्मदेच्या अलीकडेच थबकते. वस्तुतः अठराव्या शतकापासून या दोन्ही ठिकाणी पवारांचे राज्य होते. देवासात तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात नांदली. १९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि तेथील मराठी माणूस कोणताही गाजावाजा न होता भाषिक अल्पसंख्य ठरला.

या माळव्याचा विचार करताना आम्हांस वारंवार आठवतो तो ‘प्रभात’चा ‘शेजारी’. जुन्या मराठी चित्रपटांवर आमची निष्ठा आहे, हे आम्ही लपवीत नाही. परंतु ही आठवण केवळ रसिकतेची नव्हे. १९४१ साली व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात जिवबा आणि मिर्झा हे दोन वृद्ध शेजारी जिवाभावाचे मित्र आहेत. गावात धरण बांधू पाहणाऱ्या धनिकाला ही मैत्री अडसर वाटते आणि तो त्यांच्यात फूट पाडतो. शेवटी धरण फुटते, तेव्हा हे दोघे एकमेकांच्या हातांत हात घालून मरतात.

‘प्रभात’ने हाच चित्रपट हिंदीत ‘पडोसी’ या नावाने काढला. तो मराठीवर हिंदी संवाद चिकटवून तयार केलेला नव्हता; दोन्ही भाषांत स्वतंत्र चित्रीकरण झाले होते. मराठीत केशवराव दाते जिवबा झाले, तर गजानन जागीरदार मिर्झा. हिंदीत जागीरदारांनी मिर्झाच साकारला आणि हिंदू शेजाऱ्याची भूमिका मजहर खान यांनी केली. म्हणजे हिंदू नट मुसलमान झाला आणि मुसलमान नट हिंदू. लाहोरचा पाकिस्तान ठराव होऊन तेव्हा वर्षही उलटले नव्हते. त्या वातावरणात ही पात्रयोजना म्हणजे एक राजकीय विधानच होते.

आता धारकडे पाहू. भोजशाला आणि कमाल मौला मशीद या एकाच वास्तूवरून तेथे शतकभराचा वाद आहे. १९०३ साली तेथे ‘पारिजातमंजरी’ या संस्कृत नाटिकेचा शिलालेख उजेडात आला. ‘भोजशाला’ हे नाव रूढ करणारे काशिनाथ कृष्ण लेले हे धार संस्थानातील मराठी शिक्षणाधिकारी होते. २००३ साली पुरातत्त्व खात्याने मंगळवारी पूजा आणि शुक्रवारी नमाज अशी व्यवस्था लावली. मात्र २००६, २०१३, २०१६ आणि २०२६ साली वसंत पंचमी शुक्रवारीच आली आणि प्रत्येक वेळी धार शहराला पोलीस बंदोबस्ताचा वेढा पडला. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने सर्वेक्षणाचा आदेश दिला.

या वादात कायद्याने कोणाची बाजू खरी, हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. तो निर्णय पुराव्यावर आणि न्यायासनासमोरच व्हावा. परंतु वकिलीच्या अनुभवातून आम्ही एवढे निश्चित सांगू शकतो की, न्यायालय हक्क ठरवू शकते, शेजार देऊ शकत नाही. निकालपत्राची प्रत हाती पडल्यावरही दोन्ही पक्षांना त्याच गल्लीत राहावे लागते. म्हणून दावा कोणाचा, या प्रश्नाबरोबरच भांडण कोणाच्या सोयीचे, हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. ‘शेजारी’ने तो विचारला होता.

यावर कोणी म्हणेल की, ‘शेजारी’ येऊनही सहा वर्षांत फाळणी झालीच. मग अशा चित्रपटांचा उपयोग काय? हा आक्षेप वाजवी आहे. परंतु हा चित्रपट भाबडा दिलासा देत नाही. दोघांचा समेट होतो तो पाणी गळ्याशी आल्यावर. वेळ टळून गेल्यावर सुचलेल्या शहाणपणाची किंमत तो दाखवितो. प्रेक्षकांनी इशारा ऐकला नाही, हा इशाऱ्याचा दोष नव्हे.

सीमाभागातील आम्हांलाही हा धडा लागू आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३५०-अ नुसार मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची मागणी आम्ही करतो आणि करीतच राहू. २०२५ साली महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचा निर्णय झाला, तेव्हा मराठी समाजाने विरोध केला आणि शासनाला तो मागे घ्यावा लागला. सक्तीला विरोध योग्यच होता. परंतु सक्तीचा विरोध आणि शेजाऱ्याच्या भाषेचा द्वेष यांत अंतर आहे. माळव्यातील मराठी माणूस आयुष्यभर हिंदीच्या शेजारी राहतो; त्या द्वेषाची झळ प्रथम त्यालाच बसते.

बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीत, कन्नडभाषक घरात जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ साली देवासला स्थायिक झाले. त्यांनी माळव्याची लोकगीते आपलीशी केली आणि मराठी नाट्यगीतेही गायिली. कन्नड, मराठी, माळवी यांपैकी एकही भाषा त्यामुळे उणी झाली नाही.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. धार आणि देवास येथील मराठी मंडळांनी लागोपाठच्या दोन संध्याकाळी ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ दाखवावेत, आणि दोन्ही दिवशी आपल्या शेजाऱ्यांना, त्यांचा धर्म वा भाषा न विचारता, आवर्जून बोलवावे. बेळगाव-निपाणीकरांनीही त्याचे अनुकरण करावे. हक्कांची लढाई यामुळे सौम्य होणार नाही. उलट ती आपण कोणाविरुद्ध लढत आहोत, हे अधिक स्पष्ट होईल.