बेटाला कुलूप लागतं तेव्हा

दिवाळीच्या सुट्टीत कुठे जायचं, या चर्चेत आता आपल्याकडे ग्रीसचंही नाव निघतं. पंचाईत अशी, की दिवाळी येते ऑक्टोबर-नोव्हेंबरात, नेमकी एजियन समुद्रातली बेटं आवराआवर करतात तेव्हा. सांतोरिनीतल्या बऱ्याच हॉटेलांना तर वसंतापर्यंत कुलपं लागतात.

म्हणूनच या अंकाचा विषय : आडहंगामातलं बेट. खरी अडचण खोलीची नाही, बोटीची. वारा ८ बोफर्टच्या घरात गेला की पिरेयस बंदरातून फेऱ्या थांबवण्याचा आदेश निघतो. त्याला म्हणतात ‘अपागोरेफ्तिको’. हा शब्द पाठच करून ठेवा! बेटावर दोन दिवस अडकणं तसं रम्य; पण परतीचं विमान आणि शेंगेन व्हिसाची तारीख वाऱ्यासाठी थांबत नाही. विमानाआधी अथेन्समध्ये एखादी रात्र हाताशी ठेवावीच, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तरी जाऊ नका, असं आम्ही म्हणणार नाही. बेट मात्र पारखून निवडा. नाक्सोससारख्या शेती-गुरांच्या बेटावर हिवाळ्यातही शाळा भरते, बेकरी उघडते, कॉफीच्या दुकानात म्हातारे तावलीचे फासे टाकत बसतात. बाहेर खुर्च्या एकावर एक रचलेल्या, आणि उन्हाळ्यात करपलेले डोंगर पावसाने हिरवे झालेले. गरम कपडे न्या. दगडी घरांतली ओल फोटोत दिसत नाही.

तुमचा असा फसलेला किंवा जमून गेलेला प्रवास असेल, तर आम्हाला जरूर लिहून कळवा. फसलेला आधी छापू.