मापात पाप

किराणा दुकानातील किलोचे वजन खरे असल्याची ग्वाही सरकार देते. त्यावर वैधमापन निरीक्षकाचा शिक्का असतो आणि तो नसेल तर दुकानदाराला दंड होतो. पेट्रोल पंप, टॅक्सीचा मीटर, इतकेच नव्हे तर तापमापक आणि रक्तदाबाचे यंत्रही वैधमापनाच्या नियमांत येते. मात्र ज्या आकड्यावरून माणसाला जन्मभराची गोळी सुरू होते, त्या रक्तातील कोलेस्टेरॉलच्या आकड्यामागे देशभर लागू असलेली अशी कोणतीही सक्ती नाही. येथे मापात कोणी पाप करतो असे नव्हे. एकच माप सर्वांवर बंधनकारक करण्याचेच राहून गेले आहे.

बदलीच्या नोकरीत आयुष्य काढणाऱ्यांना याचे गांभीर्य सांगायला नको. समजा, दिल्लीत एकूण कोलेस्टेरॉल १९२ आले आणि दोन महिन्यांनी नागपुरात २१२. मधल्या काळात आहार बिघडला, की केवळ प्रयोगशाळा बदलली? शरीरातील नैसर्गिक चढउतार वेगळा आणि मोजणीतील फरक वेगळा. प्रयोगशाळांचे माप एक नसेल, तर डॉक्टरलाही या दोहोंत भेद करता येत नाही.

हा प्रश्न अमेरिकेने फार पूर्वी ओळखला. तेथील रोगनियंत्रण केंद्राने १९५० च्या दशकापासूनच कोलेस्टेरॉलच्या मोजणीची प्रमाणित पद्धत ठरवून प्रयोगशाळांना तिच्याशी जोडायला सुरुवात केली. पुढे राष्ट्रीय कोलेस्टेरॉल कार्यक्रमाने एकूण चुकीची मर्यादा ८.९ टक्के अशी आखून दिली. ही मर्यादा पाळली तरी खरे २०० असलेले कोलेस्टेरॉल १८२ ते २१८ यांदरम्यान काहीही दिसू शकते. मर्यादाच नसेल तर काय होईल, याची कल्पना करावी. त्यातच ‘वाईट’ म्हणून ओळखले जाणारे एलडीएल अनेकदा मोजले जात नाही. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करून ते काढले जाते. म्हणजे तीन मोजण्यांतील चुका एका आकड्यात उतरतात. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले, तर हे सूत्रच लागू पडत नाही.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. वैद्यकीय आस्थापनांच्या नोंदणीचा केंद्रीय कायदा २०१० मध्ये संमत झाला. परंतु सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने राज्यघटनेच्या २५२ व्या अनुच्छेदाचा आधार घ्यावा लागला आणि तो स्वीकारणे राज्यांच्या मर्जीवर राहिले. महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही. राजधानी दिल्लीला तर मुळातच वगळण्यात आले. या कायद्याखाली २०१८ मध्ये प्रयोगशाळांसाठी किमान निकष आले, त्यांचा भर मुख्यतः मनुष्यबळ, पात्रता आणि सुविधांवर राहिला. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहवालावर विकृतिशास्त्रातील पदव्युत्तर डॉक्टरचीच सही हवी, असा निर्वाळा दिला होता. अहवालावर सही कोणाची, यावर देशभर वाद रंगला. सहीवरचा आकडा कोणत्या मापाने आला, हा प्रश्न मागे पडला.

अधिमान्यतेची यंत्रणा म्हणून ‘एनएबीएल’ आहे, पण तिच्याकडे जाणे सर्वसाधारणपणे ऐच्छिक. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेने अधिमान्य प्रयोगशाळांना जादा दर आणि इतरांना कमी दर, अशी व्यवस्था वर्षानुवर्षे चालवली. उत्तेजन म्हणून ती समजण्यासारखी आहे. पण तिचा दुसरा अर्थही निघतो. दोन प्रतींची मोजणी सरकारला ठाऊक आहे आणि आपल्याच कर्मचाऱ्यांसाठी दोन्ही चालतात!

यातून मार्ग राज्यघटनेतच आहे. आरोग्य राज्यांकडे असले, तरी वजनमापांची मानके ठरवणे हा केंद्र सूचीतील ५० व्या क्रमांकाचा विषय आहे. रक्तातील द्रव्याचे मोजमाप हेही अखेर मापच. दिल्लीत पुसा येथे असलेली राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा ‘भारतीय निर्देशक द्रव्ये’ प्रमाणित करते. सोन्याच्या शुद्धतेसाठी मुंबईच्या सरकारी टांकसाळीच्या सहभागाने असे द्रव्य तयारही झाले. सोन्याच्या कसासाठी जे केले, ते रक्ताच्या मापासाठी का करू नये? वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज प्रयोगशाळांना नमुने पाठवून त्यांची उत्तरे ताडून पाहण्याची योजना दीर्घकाळ चालवते आहे. अशा योजनेतील सहभाग सक्तीचा करावा. मात्र एकाच पद्धतीच्या प्रयोगशाळांची उत्तरे परस्परांशी जुळली म्हणजे ती खरी ठरत नाहीत. त्यांना राष्ट्रीय मानकाचा आधार हवाच.

यामुळे तालुक्याच्या गावातील लहान प्रयोगशाळा बंद पडतील, हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. म्हणूनच पूर्ण अधिमान्यतेची सक्ती एकदम नको. आरंभी साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन अशा मोजक्या चाचण्या घ्याव्यात, नमुन्यांचा खर्च सरकारने उचलावा आणि चुकणाऱ्याला दंडाआधी दुरुस्तीची संधी द्यावी. सुरुवात केंद्राने आपल्या आरोग्य योजनेपासून करावी; त्यासाठी संसदेचीही गरज नाही आणि राज्यांच्या संमतीचीही. किलोभर डाळीच्या वजनासाठी निरीक्षक नेमणाऱ्या राज्यव्यवस्थेने नागरिकाच्या थेंबभर रक्तालाही तेवढीच किंमत दिली पाहिजे.