हिवतापाची लस आणि ५४ वर्षांचा विलंब

हिवतापावरील पहिल्या लशीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने ६ ऑक्टोबर २०२१ रोजी केली. या लशीचा पाया ज्या शोधावर उभा आहे, तो मात्र १९६७ सालचा. विज्ञानाचा विजय म्हणून या घटनेचे सर्वत्र स्वागत झाले आणि ते योग्यच होते. परंतु मधली ५४ वर्षे कोठे गेली, याचा हिशेब मागण्याची गरज फारशी कोणास वाटली नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तो हिशेब मांडल्यावाचून गत्यंतर नाही. कारण या रोगाने २०२३ या एका वर्षात सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे मारली, आणि त्यांतील बहुसंख्य आफ्रिकेतील पाच वर्षांखालील मुले होती.

हा शोध रूथ नुसेन्झ्वाइग या विदुषीचा. व्हिएन्नातील ज्यू कुटुंबात १९२८ साली त्यांचा जन्म झाला. नाझींच्या छळामुळे त्या कुटुंबाने ब्राझीलचा आश्रय घेतला आणि साओ पाउलो येथे रूथ वैद्यकशास्त्र शिकल्या. पुढे १९६४ साली ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता बळकावली, आणि रूथ व त्यांचे पती व्हिक्टर यांनी न्यूयॉर्क विद्यापीठ ही आपली कर्मभूमी केली. दोन हुकूमशाह्यांनी घालवून दिलेल्या या बाईंनी जगातील सर्वांत दरिद्री मुलांच्या रोगावर आयुष्य वेचले. २०१८ साली त्या निवर्तल्या. लशीची शिफारस पाहण्यास त्या उरल्या नाहीत.

त्यांनी केले ते असे. डास चावतो तेव्हा त्याच्या लाळेवाटे हिवतापाचे जे जंतू शरीरात शिरतात, त्यांना शास्त्रज्ञ स्पोरोझॉईट म्हणतात. ते रक्तावाटे यकृतात जाऊन दडतात, तेथे हजारोंनी वाढतात आणि मग रक्तातील तांबड्या पेशींवर तुटून पडतात. थंडी वाजून ताप येतो तो या शेवटच्या टप्प्यात. रूथबाईंनी हे जंतू क्ष-किरणांनी दुबळे करून उंदरांना टोचले. दुबळे जंतू यकृतापर्यंत पोचले, पण त्यांची वाढ होईना. आणि अशा उंदरांना नंतर खरे जंतू टोचले, तेव्हा त्यांपैकी बहुतेकांना हिवताप झाला नाही. रोग अंगावर न काढता रोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती मिळू शकते, हे प्रथमच सप्रमाण दिसले.

त्याचे महत्त्व कळण्यास नैसर्गिक प्रतिकारशक्तीचा प्रकार ध्यानात घेतला पाहिजे. गॅम्बियात काम करणारे इयन मॅकग्रेगर व त्यांचे सहकारी यांनी १९६१ साली प्रौढ आफ्रिकी माणसांच्या रक्तातील प्रतिद्रव्ये आजारी मुलांना टोचून दाखवली, तेव्हा मुलांच्या रक्तातील जंतू झपाट्याने घटले. म्हणजे प्रौढांच्या रक्तात संरक्षण असते. पण ते येते वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा ताप सोसून, आणि त्या वाटेवर असंख्य मुले दगावतात. शिवाय मनुष्य गाव सोडून गेला की ते ओसरते. वसाहतींच्या काळातील काही तज्ज्ञांनी या शक्तीचाच उपयोग निष्क्रियतेचे समर्थन करण्यासाठी केला. कंपाला येथे १९५० साली भरलेल्या परिषदेत डासनिर्मूलन केल्यास आफ्रिकी जनतेची ‘कमावलेली’ प्रतिकारशक्ती नष्ट होईल काय, असा वाद गंभीरपणे झाला. कमावलेली! कोणाच्या मुलांच्या प्राणांवर, हे विचारणारे त्या सभागृहात किती असतील? १९५५ साली जागतिक निर्मूलन मोहीम सुरू झाली, तिच्यातून उष्ण कटिबंधातील बहुतांश आफ्रिका वगळलीच गेली.

आता विलंबाकडे वळू. सारा दोष भांडवलाच्या माथी मारणे अप्रामाणिकपणाचे होईल. हा जंतू देवीच्या विषाणूसारखा साधा नाही. त्याला पाच हजारांवर जनुके आहेत; तो रूपे पालटतो; स्पोरोझॉईट मिळवायचे तर डासाच्या लाळग्रंथी एकेक करून फोडाव्या लागत. १९७०च्या दशकात मानवी स्वयंसेवकांना संरक्षण मिळाले खरे, पण त्यासाठी किरणोत्सर्ग दिलेल्या डासांचे शेकडो दंश घ्यावे लागले. अशी लस खेड्यापाड्यांत नेता येत नाही. म्हणून जंतूच्या आवरणावरील प्रथिनाचा शोध सुरू झाला, आणि १९८४ साली त्याचे जनुक हाती आले. यापुढची कथा मात्र निव्वळ विज्ञानाची नाही. त्या प्रथिनावरील लशीत पुढाकार घेतला तो अमेरिकेच्या सैन्याच्या वॉल्टर रीड संस्थेने. कारण व्हिएतनामात तिच्या सैनिकांना हिवतापाने हैराण केले होते. तिच्याबरोबरची खाजगी औषध कंपनी सैनिक व प्रवासी या गिऱ्हाइकांवर डोळा ठेवून होती. आफ्रिकेतील मुलांवरील व्यापक चाचण्यांना पैसा मिळाला तो २००१ नंतर, एका धनाढ्य उद्योगपतीच्या दानातून. ज्यांच्या गरजेमागे क्रयशक्ती नाही त्यांची मागणी बाजाराला ऐकूच येत नाही, हे सूत्र आम्ही वर्गात फळ्यावर लिहीत आलो. त्याचे याहून ठळक उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

आपल्या चळवळीतील काही साथी म्हणतात की, लस हे कंपन्यांचे खूळ आहे. डबकी बुजवा, गटारे बांधा, म्हणजे पुरे. या मताशी मी सहमत नाही, तथापि त्यातील सत्यांश मोठा आहे. आपल्या देशात १९५३ पूर्वी वर्षाला अदमासे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई. डीडीटीच्या फवारणीने १९६५पर्यंत हा आकडा एक लाखावर आला. राज्यकर्ते निर्धास्त झाले, पैसा आटला, डीडीटीची टंचाई पडली, डासांना औषध पचू लागले, आणि ग्रामीण आरोग्यसेवा तर मुळात उभीच नव्हती. १९७६ साली रुग्णांची संख्या ६४ लाखांवर गेली. एकाच हत्याराच्या भरवशावर युद्ध जिंकू पाहण्याचे हे फळ! उलट १९८३पासून डॉ. विनोद प्रकाश शर्मा यांनी गुजरातेतील खेडा जिल्ह्यात गावकऱ्यांना हाताशी धरून खड्डे बुजवले, पाण्यात गप्पी मासे सोडले आणि फवारणीवाचून रोग आटोक्यात आणून दाखवला. हे काम कष्टाचे, रोजचे आणि निनावी असल्यामुळे त्याचे समारंभ होत नाहीत.

परंतु खेड्यातील डबके बुजवता येते, पावसाळ्यातील आफ्रिकेची प्रत्येक ओल बुजवता येत नाही. तेथे मच्छरदाणी, औषध आणि लस ही तिन्ही हवीत. पहिल्या लशीच्या चार मात्रांनी चार वर्षांत तापाचे प्रसंग सुमारे ३६ टक्के घटले. संरक्षण तोकडेच, पण जेथे एकेका मुलाला वर्षातून अनेकदा ताप येतो, तेथे एवढ्यानेही असंख्य जीव वाचतात. गोष्ट एवढीच की, चौथी मात्रा देण्यासाठी वर्षभराने त्याच मुलाला शोधून काढणारी परिचारिका गावात हवी. ती कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही.

आणि कारखान्याचाही प्रश्न आहेच. ऑक्टोबर २०२३मध्ये शिफारस झालेली दुसरी लस ऑक्सफर्ड विद्यापीठात सिद्ध झाली आणि ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. पहिल्या लशीची मात्रा नऊ युरोंच्या वर होती. पुण्याची दोन ते चार डॉलरांत मिळते. याचे श्रेय देण्यात कंजुषी नको. पण स्वस्ताई ही मालकाच्या मर्जीवर किती काळ सोपवायची? १८९७ साली हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली, ती सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात. परळच्या ज्या संस्थेला पुढे त्यांचे नाव दिले गेले, तिने त्यानंतर कित्येक दशके लशी पुरवल्या. २००८ साली केंद्र सरकारने कसौली, कुन्नूर व गिंडी येथील आपल्याच तीन कारखान्यांचे परवाने स्थगित केले. ते पूर्ववत होण्यास दोन वर्षे गेली, आणि तोवर सरकारी लसीकरण खाजगी उत्पादकांच्या दारात जाऊन उभे राहिले होते.

२०२५ साली अमेरिकी सरकारने परदेशी आरोग्यमदतीला कात्री लावली, आणि गरीब देशांसाठी लशी विकत घेणाऱ्या गावी या संघटनेची वर्गणीही थांबवल्याचे जाहीर केले. लस आहे, कारखाना आहे, घेणाराच मागे सरला आहे. अशा वेळी भारत सरकारने आपल्या सार्वजनिक कारखान्यांना हे तंत्रज्ञान मिळवून द्यावे आणि आफ्रिकी देशांना उत्पादनखर्चाच्या दराने लस पुरवण्याचा करार करावा, ही मागणी आपल्या खासदारांनी संसदेच्या येत्या अधिवेशनात मांडावी. गडचिरोलीच्या पाड्यांवरील हिवताप कामगारांची रिक्त पदे भरण्याचा प्रश्नही विधानसभेत त्याच जोडीने विचारला जावा.