शिबिर झालं, पुढची तारीख कुठाय?

ऑक्टोबर आला की गुलाबी फिती लागतात. ८ मार्चला महिला दिनाचं शिबिर होतं. रबाळे-ऐरोली-घणसोली पट्ट्यात बातमीदारी करताना अशा शिबिरांच्या प्रेसनोट माझ्याकडे नेहमी येतात. पाहुण्यांची नावं असतात, ‘इतक्या महिलांनी लाभ घेतला’ हा आकडा असतो. मागच्या वेळी तपासलेल्यांपैकी यंदा किती जणी परत आल्या, हे मात्र कधीच नसतं.

खरा प्रश्न तोच आहे. स्तनाच्या कॅन्सरची तपासणी एकदा करून भागत नाही. ‘काही नाही, ताई’ हे उत्तर त्या दिवसापुरतं असतं. पण बाई ते जन्मभराचं समजते आणि पुन्हा फिरकत नाही.

मुंबईचंच उदाहरण घ्या. टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख महिलांचा अभ्यास सुरू केला. एका गटाची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने तपासणी केली, दर दोन वर्षांनी, चार वेळा. महागडं मशीन नाही. २० वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. तपासणी न झालेल्या गटात ४७ टक्के कॅन्सर तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडले, तपासणीच्या गटात ३७ टक्के. पन्नाशीपुढच्या महिलांमधले मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं.

आणि आपली अवस्था? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या महिलांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या देशभरात १ टक्काही नव्हत्या.

बाळाच्या लसीकरण कार्डावर पुढची तारीख असते. ती चुकली की आशाताई दारात उभी. मग आईच्या तपासणीला हीच पद्धत का नको?

महापालिकेकडे माझ्या साध्या मागण्या आहेत. प्रत्येक महिलेला पुढच्या तारखेचं कार्ड द्या. आधी मेसेज, नाही आली तर फोन, तरी नाही आली तर घरी निरोप. फोन नंबर बऱ्याचदा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो, म्हणून मेसेजमध्ये आजाराचं नाव नको, फक्त तारीख आणि जागा. इथे भाड्याच्या खोल्या सारख्या बदलतात, त्यामुळे यादी दरवर्षी तपासा. आशाताईंना या कामाचा वेगळा मोबदला द्या. आणि एमआयडीसीत कंत्राटावर जाणारी बाई तपासणीसाठी खाडा करणार नाही, तेव्हा रविवारी किंवा संध्याकाळी केंद्र उघडं ठेवा. नुसती आठवण करून दिली आणि दार बंद, असं नको.

ताई, मावशी, वहिनी, तुम्हालाही एक सांगणं. मधल्या काळात गाठ लागली, स्तनाग्रातून पाणी-रक्त आलं, कातडी ओढल्यासारखी वाटली, तर तारखेची वाट बघू नका. लगेच नागरी आरोग्य केंद्रात किंवा डॉक्टरकडे जा.

आणि घरातल्या पुरुषांनो, कालनिर्णयवर दुधाचा खाडा लिहितो, सिलिंडर लावल्याची तारीख लिहितो. तिथेच आईच्या आणि बायकोच्या तपासणीची तारीखही लिहून ठेवा, आणि त्या दिवशी सोबत जा.