धुराड्याखालचा प्राणायाम

आरोग्य ही बाजारात मिळणारी वस्तू आहे आणि जो अधिक दाम मोजील त्याच्या पदरात ती अधिक पडेल, ही समजूत गेल्या काही वर्षांत आपल्या मध्यमवर्गात घट्ट रुजली आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी 'योगा अँड वेलनेस स्टुडिओ' अशा पाट्या लागल्या, त्या याच समजुतीच्या बळावर. आम्ही दीपनगरची माणसे. भुसावळच्या औष्णिक विद्युत केंद्राची वसाहत आणि तिच्याभोवतीची गावे एवढेच आमचे जग. तरीही या पाट्यांचे आकर्षण आमच्यापर्यंत पोहोचले, आणि आमच्यापैकी काही जण शहरातील अशाच एका स्टुडिओत आठवडाभराच्या 'ट्रायल'साठी जाऊन आलो. तेव्हा पुढे जे लिहीत आहोत ते ऐकीव नाही, हे सुज्ञ वाचकांनी ध्यानी घ्यावे.

आमचे म्हणणे प्रारंभीच स्वच्छ मांडतो. योगाशी आमचे भांडण नाही. घाम गाळून प्रामाणिकपणे शिकवणाऱ्या शिक्षकाशी तर मुळीच नाही. आमचा आक्षेप असा की, येथे श्वास विकला जातो आणि हवेविषयी चकार शब्द काढला जात नाही. ज्या गावावर राख पडते त्या गावच्या माणसाला दीर्घ श्वसनाचे 'पॅकेज' विकणे, आणि त्या माणसाने ते विकत घेऊन निश्चिंत होणे, या दोन्ही गोष्टी आम्हांला सारख्याच घातक वाटतात.

त्या आठवड्यात काय पाहिले? काचेचे दार, वातानुकूलित दालन, मंद दिवे, उदबत्तीहून महागडा असा कसलासा सुवास, आणि भिंतीवर कमळ. प्रवेशाचा अर्ज भरून घेतला गेला. त्यात मोबाईल क्रमांक होता, व्यवसाय होता, आमच्याविषयी कोणाकडून कळले हा प्रश्न होता. रक्तदाब, हर्निया, हृदयविकार, गर्भारपण यांसाठी रकाना नव्हता. दुसऱ्याच दिवशी सरसकट सगळ्यांकडून कपालभाती करवून घेण्यात आली. ज्यांना यांपैकी काही व्याधी आहे त्यांनी ती क्रिया जाणत्याच्या सल्ल्याविना करू नये, ही योगाच्या क्षेत्रातलीच प्राथमिक शिकवण आहे. चौथ्या दिवसापासून तीन महिन्यांचे पैसे एकदम भरल्यास मिळणाऱ्या सवलतीची आठवण रोज करून देण्यात येऊ लागली. मग ही 'ट्रायल' कोणाची होती? शिष्याने गुरूला पारखावे आणि गुरूने शिष्याला, ही जुनी रीत. येथे पारख झाली ती आमच्या खिशाची.

वेळांचेही तसेच. सकाळी सहा आणि संध्याकाळी सात. वीज केंद्रातला कामगार तीन पाळ्यांत जगतो. रात्रपाळी संपवून डोळे चोळत घरी येणाऱ्याला आणि दुसऱ्या पाळीला मध्यरात्री सुटणाऱ्याला या वेळापत्रकात जागा नाही. राख वाहणाऱ्या ट्रकच्या चालकाचा आणि कोळसा हाताळणाऱ्या कंत्राटी मजुराचा तर त्या काचेच्या दाराशी संबंधच येत नाही. ज्याच्या फुप्फुसांना सर्वांत आधी निगेची गरज आहे तो या बाजाराचा गिऱ्हाईकच नव्हे.

परंतु या उणिवा सुधारण्यासारख्या आहेत, आणि उद्या एखादा स्टुडिओ त्या सुधारीलही. मूळ दोष अधिक खोल आहे. त्या वर्गात आम्हांला वारंवार सांगण्यात आले की, दीर्घ श्वास घ्या, प्राणवायू भरपूर मिळेल, शरीरातील विष बाहेर पडेल. हे विधान तपासून पाहण्याजोगे आहे; आणि ते तपासणारा माणूस आमच्याच खानदेशातून पुढे गेला होता, याचा विसर आपल्याला पडला आहे.

जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचे नाव. पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून ते ओळखले गेले. जन्म १८८३ चा. खानदेश शिक्षण मंडळाच्या कार्यासाठी ते अमळनेरला आले आणि तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजींकडे त्यांनी योगाचे धडे घेतले. मात्र जे शिकले त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवून ते थांबले नाहीत. बडोद्याच्या इस्पितळात उड्डियान आणि नौली या क्रियांच्या वेळी शरीराच्या पोकळीत दाब किती बदलतो हे त्यांनी यंत्र लावून मोजले, क्ष-किरणांनी पाहिले. १९२४ साली लोणावळ्याला त्यांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढून आपली मोजमापे जगापुढे ठेवली. प्राणायामातील श्वासवायूंचेही त्यांनी मोजमाप केले, आणि प्राणायामाचे मोल जादा प्राणवायूत नाही, अशा निष्कर्षाला ते आले. शरीरशास्त्रही हेच सांगते. निरोगी माणसाच्या रक्तातील लाल द्रव्य स्वस्थ बसलेले असतानाही प्राणवायूने जवळजवळ पूर्ण भरलेले असते; शंभरात सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव. त्यात आणखी भरायला जागा ती किती?

अमळनेरच्या त्या प्राचार्याने शंभर वर्षांपूर्वी जो प्रश्न विचारला तो आज काचेच्या दालनात कोणी विचारत नाही. 'बरे वाटते ना?' एवढाच प्रश्न तेथे उरला आहे. आणि बरे वाटते, हे आम्ही नाकारत नाही. आम्हांलाही वाटले. तासभर दूरध्वनी बंद, दिवे मंद, पाठ सैल, मन शांत. प्रश्न असा की, बरे वाटणे हा बरे असण्याचा पुरावा होतो काय?

आपल्या वाचकांना या प्रश्नाचे एक उत्तर परिचित असावे. कॅथलिकाने योगवर्गाला जावे की नाही, ही चर्चा आपल्या घरांतून आणि सभागृहांतून पुष्कळदा झाली आहे. १९८९ च्या ऑक्टोबरात रोमच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने कार्डिनल रॅटझिंगर, म्हणजे पुढचे पोप बेनेडिक्ट सोळावे, यांच्या स्वाक्षरीने ख्रिस्ती ध्यानाविषयी एक पत्र काढले. इतर धर्मांच्या पद्धती केवळ ख्रिस्ती नाहीत म्हणून सरसकट टाकाऊ ठरवू नयेत. प्रार्थनेचा ख्रिस्ती आशय झाकोळला जाणार नाही अशा बेताने त्यांतील उपयुक्त ते घ्यावे, असा त्याचा एक आशय होता. दुसरा आशय इशाऱ्याचा होता: शारीरिक व्यायामातून आपोआप निपजणारी शांततेची, सुखाची वा उबेची भावना म्हणजेच पवित्र आत्म्याचे सांत्वन, असे मानण्याची गफलत करू नये. लोणावळ्यातच येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो यांनी 'साधना' संस्थेद्वारा श्वासाकडे अवधान देण्याची रीत कित्येक धर्मगुरूंना आणि धर्मभगिनींना शिकवली, हेही विसरता येत नाही. तेव्हा जावे की न जावे, हा आमच्या मते सुटलेला प्रश्न आहे. ज्याने त्याने आपल्या विवेकाने जावे. न सुटलेला प्रश्न त्या इशाऱ्यात दडला आहे. सुखद भावनेला कृपा समजणे जसे चूक, तसेच सुखद भावनेला आरोग्य समजणेही चूक. आणि दीपनगरात ही चूक परवडणारी नाही.

का परवडणारी नाही, ते आकड्यांत सांगतो. आमच्या केंद्रात ५०० मेगावॅटचे दोन संच सुरू झाले आणि त्यानंतर ६६० मेगावॅटच्या संचाची उभारणी हाती घेण्यात आली. ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला सात-आठ हजार टन कोळसा जाळतो. आपल्याकडच्या कोळशात तीस ते चाळीस टक्के राख असते. म्हणजे एकाच संचाची दिवसाची राख दोन हजार टनांच्या पुढे जाते. धुराड्यात बसवलेली विद्युत-स्थितिक यंत्रे तीतील नव्याण्णव टक्क्यांहून अधिक राख अडवतात, हे मान्य. पण अडवलेली राख कोठेतरी जावी लागते. काही सिमेंट आणि विटांसाठी जाते. काही पाण्यात कालवून वेल्हाळे शिवारातील तळ्यात सोडली जाते. तळ्याचा पृष्ठभाग उन्हाने वाळतो, ट्रक भरले जातात, वैशाखातला वारा सुटतो, आणि मग अंगणातल्या वाळवणावर, तुळशीच्या पानावर, मुलांच्या वह्यांवर काय बसते ते येथील गृहिणींना विचारावे.

या कणांपैकी जे अडीच मायक्रॉनहून बारीक, ते नाकातल्या केसांना आणि शेंबडाला दाद न देता फुप्फुसाच्या शेवटच्या पेशीपर्यंत उतरतात. अशा कणांची चोवीस तासांची मर्यादा आपल्या देशाने २००९ मध्ये घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम ठरवली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ केली. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण सहा लिटर हवा आत घेतो. जोराचे श्वसन करताना ती कित्येक पट होते. हवा स्वच्छ असेल तर त्यात बिघडत नाही. हवा मलिन असेल तर त्याच प्रमाणात मळही आत जातो, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. ज्या जळगावात आम्ही दीर्घ श्वसन शिकायला गेलो त्या शहराचे नावही, हवेची मानके वर्षानुवर्षे न पाळू शकलेल्या शहरांच्या यादीत, २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहे. स्टुडिओच्या चकचकीत पत्रकात आम्हांला हा उल्लेख आढळला नाही.

यावर दोन आक्षेप येतील, आणि ते आम्ही टाळू इच्छित नाही. पहिला असा: दिवसभर घरकामात पिचलेल्या बाईला स्वतःचा म्हणून एक तास मिळतो, खुर्चीत जखडलेल्या कारकुनाची पाठ मोकळी होते, हे काय थोडे झाले? थोडे नाही. ते मोलाचेच आहे. पण त्यासाठी काचेचे दालन कशाला? वसाहतीचे सभागृह आहे, शाळांची मैदाने आहेत, गावोगावी समाजमंदिरे आहेत, चर्चची आवारे आहेत. एक सतरंजी आणि एक जाणता शिक्षक, एवढ्या भांडवलावर हे काम होते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: केंद्राच्या पगारावर जगता आणि केंद्राच्या राखेविरुद्ध बोलता? होय, बोलतो. महाराष्ट्राच्या घराघरांत दिवे लागतात त्यांत आमच्या कामगारांचा घाम आहे आणि त्याचा आम्हांला अभिमान आहे. केंद्र बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. पण दिव्याखाली अंधार असायचाच, हा निसर्गनियम असल्यासारखे जे बोलतात त्यांना आम्ही विचारतो की, औष्णिक केंद्रांच्या धुराविषयी डिसेंबर २०१५ मध्ये कडक मानके जाहीर झाली, ती दोन वर्षांत पाळली जायची होती. त्या मुदती पुनःपुन्हा पुढे का ढकलल्या गेल्या? २०२५ मध्ये देशातील बहुसंख्य संचांना गंधकवायू रोखणाऱ्या यंत्रणेच्या सक्तीतून सूट का मिळाली? याचे एक उत्तर असे की, ज्यांनी आवाज उठवायचा त्यांना आपापला श्वास आपापल्या पैशांनी सुधारण्याची सवय लावण्यात आली आहे. ज्याला परवडते तो घरात हवा शुद्ध करणारे यंत्र आणतो, सकाळी स्टुडिओत जातो, आणि ग्रामसभेला जायला त्याला वेळ उरत नाही. अन्न ज्याचे त्याचे वेगळे शिजते, पाणीही हल्ली बाटलीत वेगळे मिळते. हवा मात्र साहेबाच्या बंगल्यात आणि कंत्राटी मजुराच्या झोपडीत तीच शिरते.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. हवेच्या रोजच्या नोंदी संगणकात पडून न राहता मराठीत, मोठ्या अक्षरांत, शाळेसमोर आणि बाजारात फलकावर लागाव्यात. राखेचा प्रत्येक ट्रक ताडपत्रीने पूर्ण झाकलेला असावा आणि वाहतुकीच्या रस्त्यावर पाणी मारले जावे. राखेचा शंभर टक्के वापर करण्याचे बंधन केंद्र सरकारच्या डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेत आहे. त्याचा हिशेब दरवर्षी ग्रामसभेपुढे यावा. कंत्राटी मजुरांच्या फुप्फुसांची नियमित तपासणी व्हावी आणि तिचा कागद त्यांच्या हाती पडावा. वसाहतीच्या सभागृहात पाळ्यांच्या वेळा सांभाळून विनाशुल्क योगवर्ग सुरू व्हावा, आणि तेथील शिक्षकाने आधी फलकावरचा आकडा वाचावा, मग ठरवावे की आज दीर्घ श्वसन करायचे की नुसती आसने.

ही शेवटची मागणी काहींना विनोदी वाटेल. आम्हांला ती अमळनेरच्या परंपरेला धरून वाटते. कुवलयानंदांनी शरीराच्या आतला दाब मोजला. शरीरात शिरणारी हवा मोजायला सांगणे हे त्याच कामाचे पुढचे पाऊल होय. ज्या वाचकांना शहरातल्या स्टुडिओत जायचे असेल त्यांनी जरूर जावे, मात्र पैसे भरण्यापूर्वी एवढे विचारावे: येथली हवा तुम्ही मोजली आहे काय? आणि तोच प्रश्न परतीच्या वाटेवर आपल्या ग्रामपंचायतीच्या दारातही विचारावा.