विमा आधी, बयाणा मागाहून

अमेरिकेत स्थायिक झालेल्या माझ्या एका स्नेह्याने हलके क्रीडाविमान विकत घेण्याचा बेत गेल्या महिन्यात पत्राने कळविला. इंजिन, रंग आणि आसनांचे चामडे यांचे त्यात सविस्तर वर्णन होते. विम्याविषयी मात्र ‘नंतर पाहू’ एवढाच उल्लेख होता, आणि त्या दोन शब्दांनी मी अस्वस्थ झालो.

अमेरिकेच्या हवाई प्रशासनाने २००४ साली हलक्या क्रीडाविमानांचा हा वर्ग निर्माण करताना जमिनीवरून उडणाऱ्या विमानास ६०० किलो भाराची, दोन आसनांची व १२० नॉट वेगाची मर्यादा घातली, वैमानिकाच्या वैद्यकीय दाखल्याच्या जागी मोटारीचा परवाना ग्राह्य धरला, आणि किमान शिक्षण २० तासांवर आणले. मध्यम प्राप्तीच्या माणसास आकाश खुले करणारी ही तजवीज मला आजही मनःपूर्वक स्वागतार्ह वाटते. २०२५ च्या नियमांनी ती चौकट पुष्कळ रुंदावली असली, तरी जुन्या बाजारातील विमाने तिच्यातच घडलेली आहेत. सेसनाचे स्कायकॅचर पाहा : रिकामे वजन सुमारे ३७५ किलो, भरल्या टाक्यांतील इंधन ६५ किलो; म्हणजे ८० किलोचे दोन इसम बसले की पिशवीलाही जागा नाही. त्याचे उत्पादनही २०१३ साली थांबले, सबब दुरुस्तीचा विचार खरेदीपूर्वीच करावा लागतो.

विमानाचे मूल्य विमापत्रात उभयपक्षी ठरवून लिहिलेले असते, आणि हप्ता वाचविण्यासाठी ते कमी लिहविण्याचा मोह घातक आहे. ८०,००० डॉलरचे विमान ५०,००० ला उतरविले व मोडतोडीचा खर्च ४०,००० निघाला, तर कंपनी दुरुस्ती न करता ५०,००० देऊन अवशेष आपल्या ताब्यात घेऊ शकते. त्या रकमेत तसे विमान पुन्हा मिळत नाही. इतरांच्या हानीच्या जबाबदारीचे कलमही असेच बारकाईने वाचावे : वर दहा लाख डॉलरचा आकडा दिसतो, परंतु पुष्कळ करारनाम्यांत शेजारी बसलेल्या प्रवाशापुरती मर्यादा एक लाखावर आणलेली असते, आणि तो प्रवासी बहुधा आपली पत्नी वा मित्र असतो.

वैमानिकाची अट तर सर्वांत महत्त्वाची. मोठ्या विमानांवर हजार तास काढलेला मनुष्यही येथे नवशिकाच. कारण पंखांवरचा भार अल्प असल्याने वाऱ्याच्या झोतासरशी हेलकावणारे हे विमान उतरविण्यास निराळा हात लागतो, आणि म्हणूनच त्याच जातीच्या विमानावर शिक्षकासह काही तास काढण्याची अट विमा कंपन्या घालतात. पुरेसे तास असलेल्या मित्रास विमान देण्याची मुभा विमापत्रात असली, तरी तिने संरक्षण मिळते ते मालकास. भरपाई दिल्यावर कंपनी त्याच मित्रावर वसुलीचा दावा लावू शकते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

हे सारे मी स्नेह्यास लिहिले. त्याने बयाणा तूर्त रोखला असून, आपल्या उड्डाणवहीतील तासांचा तपशील, धावपट्टी गवताची आहे ही माहिती व हँगरचा पत्ता दलालाकडे पाठवून तीन निरनिराळ्या विमानांचे हप्ते मागविले आहेत.

— व्योमचारी