कलमदान कुणाचं, सही कुणाची?

मैत्रिणींनो, संग्रहालयात चंदनाचं कोरीव कलमदान दिसलं की लोक 'काय कला आहे!' म्हणतात आणि पुढच्या कपाटाकडे वळतात. कला आहेच. कुमठा-शिरसीकडच्या गुडिगार कारागिरांनी चंदनात वेली, पानं, देवदेवता अशा कोरल्या की बोट टेकायला कोरी जागा उरत नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबई-सुरतेच्या पेट्यांवर हस्तिदंताची बारीक जडावाची नक्षी असे. साहेबाच्या टेबलासाठी लेखनपेट्या, दौतीची घरं असा हा माल थेट १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनापर्यंत पोचला.

माझं भांडण कलेशी नाही, खाली लावलेल्या चिठ्ठीशी आहे. लाकूड कोणतं, गाव कोणतं, शतक कोणतं, एवढं सांगून ती गप्प बसते. पण या वस्तूचं काम काय होतं? तिच्यापुढे बसून खतं लिहिली गेली, वाटण्या झाल्या, निवाडे झाले. आणि बाईनं तिच्यापुढे बसायचं नाही, कारण काय, तर बाई लिहायला लागली की नवरा मरतो! ११ व्या वर्षी लग्न होऊन आलेल्या रमाबाई रानडे नवऱ्याकडून लिहायला शिकल्या, तर घरातल्याच बायकांनी त्यांना सळो की पळो केलं. न्यायमूर्तींच्या घरची ही गत, तिथे इतरांचं काय बोलावं!

मराठी माणसाला बाईच्या लेखणीचा एकच फराटा तोंडपाठ आहे, 'ध'चा 'मा'. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्र्यांनी दोषी धरलं राघोबादादाला, पण दंतकथेनं शाई आनंदीबाईच्या बोटांना लावली आणि आपणही ती म्हण बिनदिक्कत वापरतो. १८५५ साली 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी, फुल्यांच्या शाळेतली मुक्ता आपल्याला आठवत नाही. १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून अख्ख्या पुरुषजातीला जाब विचारणाऱ्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे आठवत नाहीत. त्यांची दौत कोणत्या कपाटात आहे?

पुण्याच्या केळकर संग्रहालयाविषयी मला आदर आहे. चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या माणसानं अडकित्ते, वज्री, दिवे, कुंकवाचे करंडे जमवले आणि बायकांच्या हातातल्या वस्तूंनाही इतिहास असतो हे दाखवलं. पण नाव पाहा: राजा दिनकर केळकर संग्रहालय. राजा हा अकाली गेलेला मुलगा, दिनकर बाप. या खटाटोपात आयुष्यभर सोबत राहिलेल्या कमलाबाई त्या नावात नाहीत. करंडा बाईचा, दौत पुरुषाची, ही विभागणी मात्र कुणी न सांगता आपण मनात घेऊनच आत शिरतो.

हे सगळं जुनं झालं म्हणाल, तर पनवेलला या. १९७० पासून आमच्या पनवेल-उरण पट्ट्यातल्या जमिनी सिडकोसाठी गेल्या, मग साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले, मग विमानतळ आला. जमिनीला भाव आला आणि भावांना बहिणी आठवल्या. कशासाठी? हक्कसोडपत्रावर सही करायला! जिला चौथीनंतर शाळेतून काढली, तिच्या हातात पेन देण्याची केवढी ही घाई. भाऊबीजेची साडी, गाडीतून नेणं-आणणं, वर 'माहेर तुटेल हो ताई' अशी गोड धमकी. एका वकिलाच्या टेबलावर असंच कोरीव पेनस्टँड पाहिलं. त्यातलं पेन काढून त्यानं माझ्यासोबतच्या बाईला खुणा दाखवल्या, इथे, इथे आणि इथे. मी कागद मोठ्यानं वाचला. तिनं पेन होतं तिथे परत खोचलं आणि म्हणाली, "दादा, घरी जाऊन वाचून येते." भाऊ पायऱ्या उतरेपर्यंत तिच्याशी बोलला नाही.

कायदा आपल्या बाजूनं आहे. महाराष्ट्रानं १९९४ साली वडिलोपार्जित मिळकतीत हिंदू मुलींना मुलांसारखा हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं तीही अट गेली. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा हक्क जन्मानंच मिळतो, २००५ साली बाप हयात असण्याची गरज नाही. पण हा सगळा कायदा एका नोंदणीकृत सहीनं हातचा जातो आणि एकदा नोंदलेला हक्कसोड रद्द करून घेणं किती जिकिरीचं असतं, ते कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या बायकांना विचारा.

म्हणून संग्रहालयवाल्यांकडे माझी मागणी आहे. कलमदानाच्या चिठ्ठीत दोन ओळी वाढवा: यापुढे बसून कोण लिहीत होतं आणि कुणाला लिहायला मनाई होती. त्याला ना अनुदान लागतं, ना समिती.

आणि संघटनांनो, तुमच्या गावात बहिणींकडून करून घेतलेल्या हक्कसोडपत्रांच्या झेरॉक्स, बाईच्या संमतीनं आणि नावं खोडून, मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. सोबत बदल्यात काय मिळालं तेही लिहा: साडी, पातळ, पाचशे रुपये, काहीच नाही. त्यांचं कपाट आम्ही पनवेलला मांडू, चिठ्ठ्यांसकट.